ईस्ट एंडला येताय, तर आधी हे गाव समजून घ्या

तुमचा प्रश्न वाचला. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावरच्या ईस्ट एंडमधल्या हॉस्पिटलकडून तुम्हाला नर्सच्या नोकरीचं पत्र आलंय. नकाशा उघडला तर बेटाच्या पूर्व टोकाला समुद्र आणि हिरवा रंग यांपलीकडे काही दिसेना. गाव केवढं आहे, तिथे कोण माणसं राहतात, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन संसार मांडता येईल का, एवढं तुम्हाला हवंय. शिवाय तुम्ही लिहिलंय की वेस्ट इंडीज म्हणजे त्रिनिदाद-गयानासारखे आपल्याकडचे लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या असतील, तेव्हा फार परकं वाटणार नाही. तुम्ही मला ताई म्हणालात, म्हणून मोकळेपणानं आणि जरा सविस्तर लिहिते. मी वेंगुर्ल्याची, पेशानं नर्सच, आणि ईस्ट एंडमध्ये मला आता सात वर्षं झाली.

शेवटच्या समजुतीपासून सुरुवात करते, कारण तीच घेऊन मीही आले होते. गयानात १८३८ पासून आणि त्रिनिदाद-जमैकात १८४५ पासून गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले भारतीय मजूर नेले गेले ते उसाच्या मळ्यांसाठी. केमनमध्ये तसे मळे कधी उभेच राहिले नाहीत. इथली माती म्हणजे चुनखडीच्या खडकावर साचलेला पातळ थर, खळग्याखळग्यांत पकडलेला. थोडा कापूस झाला, महोगनीचं लाकूड गेलं, बाकी लोक पोटापुरतं पिकवत आले. त्यामुळे गिरमिटियांचं जहाज या किनाऱ्याला लागलंच नाही. इथे जे भारतीय दिसतात ते तुमच्या-माझ्यासारखे, गेल्या काही वर्षांत वर्क परमिटवर आलेले. ईस्ट एंडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी भारत म्हणजे आपण. पणजोबांच्या गोष्टीतली ओळख इथे मिळणार नाही, ती तुम्हालाच नव्यानं करावी लागेल.

आता जागा. केमनची बेटं तीन: ग्रँड केमन, केमन ब्रॅक आणि लिटल केमन. तिन्ही मिळून २६४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपला एखादा तालुकासुद्धा याहून मोठा निघेल. राज्य ब्रिटनच्या छत्राखालचं. ग्रँड केमन पूर्व-पश्चिम पस्तीसेक किलोमीटर लांब, आणि जवळजवळ सपाट. पश्चिमेला राजधानी जॉर्ज टाउन आणि वेस्ट बे, मध्ये दक्षिण किनाऱ्याला बॉडन टाउन, उत्तरेला नॉर्थ साइड, आणि सूर्य उगवतो त्या टोकाला आमचं ईस्ट एंड. यांना इथे डिस्ट्रिक्ट म्हणतात, पण जिल्हा हा शब्द मनातून काढून टाका. २०२१ च्या जनगणनेत सगळ्या देशाची लोकसंख्या ७१ हजारांच्या थोडी वर होती, त्यातली ईस्ट एंडची साधारण १,८५०. शेकडा तीनसुद्धा नाही. एक लांबलचक वाडी समजा: समुद्राला चिकटून जाणारा एकच रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं, मागे झुडपी जंगल. हाय रॉक, मूळ ईस्ट एंड, गन बे, कॉलियर्स, अशा वस्त्या त्या रस्त्यात ओवलेल्या आहेत.

बेटावर नदी नाही, ओढा नाही. पडेल तो पाऊस चुनखडीच्या भोकांतून खाली जातो. आपल्याकडचा जांभा पाणी पितो तसंच, पण इथे वर पाझरून परत येणारं काही नाही. जमिनीच्या पोटात खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक थर तरंगत असतो, आणि बेटावर असे मोठे साठे थोडेच आहेत. त्यातला एक ईस्ट एंडखाली आहे. जुन्या वस्तीला विहिरींचा आणि छपरावरून टाकीत उतरवलेल्या पावसाच्या पाण्याचाच आधार होता. आज नळाला येतं ते समुद्राचं पाणी गाळून, मीठ काढून. पिण्याला चांगलं आहे, बिल मात्र बघून वापरायला शिकाल. पाऊस मेपासून नोव्हेंबरपर्यंत, पण वर्षाचा सगळा मिळून वेंगुर्ल्याच्या निम्म्याच्या आसपास. आपल्यासारखी झड लागत नाही. सर येते आणि जाते.

किनारा पाहिलात की चित्रातली पांढरी वाळू सगळीकडे नाही हे कळेल. ती पश्चिमेला जास्त. आमच्याकडे बराचसा भाग आयर्नशोरचा, म्हणजे काळपट, अणकुचीदार, वाऱ्यापाण्यानं कुरतडलेला चुनखडक. त्याच्यावर अनवाणी चालायचं धाडस करू नका. पूर्वी लोक वॉम्पर नावाच्या चपला घालत, जुन्या टायरचे तळवे आणि वर दोरीचे बंद. हाय रॉकजवळ रस्त्याच्या कडेलाच खडकात भोकं आहेत. लाट खालून घुसली की पाण्याचा फवारा माणसाच्या डोक्यावरून उंच उडतो. इकडे राहायला आलो तेव्हा माझ्या मुलाला पहिल्या महिन्यात रोज संध्याकाळी तेच बघायला जायचं असायचं.

आणि किनाऱ्यापासून जरा आत समुद्रात प्रवाळाची भिंत आहे, ती या गावाच्या इतिहासाची किल्ली. वारा वर्षातला बहुतेक काळ पूर्वेकडून वाहतो, म्हणजे जहाज भरकटलं की ते ढकललं जाणार याच भिंतीकडे. मालवणच्या किल्ल्याकडे जाताना तांडेल पाण्याखालचे खडक ओळखून होडी वळवतो ना, तशी इथली वाट फक्त इथल्याच लोकांना ठाऊक होती. ८ फेब्रुवारी १७९४ च्या पहाटेच्या अंधारात जमैकाहून निघालेला ५८ व्यापारी जहाजांचा तांडा इथून चालला होता. राखणीला ब्रिटिश आरमाराचं कन्व्हर्ट हे लढाऊ जहाज होतं. तेच आधी भिंतीवर आदळलं आणि पाठोपाठ नऊ व्यापारी जहाजं. दहा जहाजं आणि त्यांवरची शेकडो माणसं, आणि मेली फक्त आठ. ईस्ट एंड आणि आसपासचे लोक डोंग्या घेऊन फुटत्या लाटांत उतरले म्हणून. त्या वेळी सगळ्या बेटावर मिळून हजारभर माणूस नव्हतं, वर चारच महिन्यांपूर्वी वादळानं पिकं झोपवली होती. तरी त्यांनी शेकडो बुडणाऱ्यांना वर ओढून काढलं.

तुम्ही इथे आलात की कुणीतरी सांगेलच, की या उपकाराबद्दल इंग्लंडच्या राजानं केमनला करमाफी दिली, म्हणून आजही इथे इन्कम टॅक्स नाही. गोष्ट गोड आहे, पण तिचा कागद कुठे सापडलेला नाही. सरकार चालतं ते आयात शुल्कावर आणि बँका, कंपन्या, फंड यांच्या फीवर. बहुतेक वस्तूंवर २२ टक्के शुल्क असतं, म्हणजे टॅक्स तुम्ही भरताच, पगारातून नाही तर कोथिंबिरीच्या जुडीतून. पगाराचा हिशेब करताना हे लक्षात ठेवा. गन बेच्या अंगाला या जहाजफुटीचं स्मारक आहे, १९९४ साली दोनशे वर्षं झाली तेव्हा राणी एलिझाबेथ आली होती. आल्यावर पहिल्या रविवारी मुलीला घेऊन तिथे जा. समोर पांढरी रेघ दिसते ती प्रवाळाची भिंत, आणि तिच्यावर गंजलेलं लोखंड दिसतं ते १९६२ साली अडकलेल्या मालवाहू जहाजाचं.

माणसं कुठून आली, हे आता सांगते. युरोपीय आले त्याआधी या बेटांवर कुणी वस्ती करून राहिल्याचा पुरावा मिळालेला नाही. कोलंबसानं १५०३ च्या मे महिन्यात दोन छोटी बेटं पाहिली आणि कासवं एवढी होती की नाव दिलं लास तोर्तुगास. पुढे मगरींवरून केमन हे नाव रुळलं. दीडशे-दोनशे वर्षं जहाजं यायची ती ताजं मांस म्हणून जिवंत कासवं उचलून न्यायला. कायमची वस्ती अठराव्या शतकात जमली: जमैकाकडून आलेले गोरे, सैन्य किंवा आरमार सोडलेले, फुटल्या जहाजांतून वाचलेले, आणि त्यांनी आणलेले आफ्रिकी गुलाम. १८०२ साली जमैकाच्या गव्हर्नरनं पाठवलेल्या एडवर्ड कॉर्बेट नावाच्या अधिकाऱ्यानं मोजदाद केली तेव्हा ग्रँड केमनवर ९३३ माणसं निघाली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त गुलाम होती. १८३४ साली गुलामगिरी उठली.

मोठे मळे नसल्यामुळे इथे जमैकासारखा मूठभर गोरे आणि हजारो गुलाम असा प्रकार नव्हता. घरटी चार-पाच गुलाम, मालकही त्याच डोंगीत. यामुळे गुलामगिरी सौम्य होती असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नका. माणूस विकत घेतला जात होता तो होताच. पण पुढच्या पिढ्यांत रक्त खूप मिसळलं. त्यामुळे आज एकाच आडनावाच्या घरात गोरा, सावळा, काळा असे सगळे रंग दिसतात, आणि त्याचं कुणाला नवल नाही. आडनावं मात्र मोजकी. ईस्ट एंडमध्ये मॅक्लॉफलिन, कॉनोली, वॉटलर ही नावं तुम्हाला वॉर्डात, दुकानात, चर्चमध्ये, स्मशानात, सगळीकडे भेटतील. पहिल्या महिन्यात मी पेशंटच्या नावावरून फाइल शोधायला जाऊन दोनदा फसले. तेव्हापासून जन्मतारीख विचारल्याशिवाय हात लावत नाही, आणि तुम्हीही तीच सवय लावून घ्या. मात्र नावानं हाक मारताना आडनाव वापरू नका. इथली रीत मिस किंवा मिस्टर आणि पुढे पहिलं नाव. आपल्याकडच्या काकू-काकांच्या जागी हे आहे. म्हाताऱ्या बाईला नुसतं नावानं हाक मारलीत तर ती काही बोलणार नाही, पण मनात ठेवील. आणि दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, वेटिंग रूममध्ये पाऊल टाकताना मोठ्यानं गुड मॉर्निंग म्हणायचं. न म्हणता थेट कामाचं बोलायला लागणं हा उद्धटपणा समजतात.

यापुढचं जे आहे ते मला सगळ्यात जवळचं वाटतं, म्हणून त्यात जरा रमते. गुलामगिरी उठल्यावर शंभर-सव्वाशे वर्षं हे बेट माणसं बाहेर पाठवत राहिलं. काही कुटुंबं १८३० च्या दशकापासून होंडुरासच्या किनाऱ्याजवळच्या बे आयलंड्सवर गेली, आजही तिथे केमनची आडनावं आहेत. काही क्यूबाला गेले. स्वतःची कासवं संपली तेव्हा पुरुष निकाराग्वाच्या किनाऱ्यापर्यंत कासवं धरायला जाऊ लागले, महिनेच्या महिने. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकी कंपन्यांच्या टँकरवर आणि मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून चढले, आणि पगार घरी पाठवू लागले. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत तर देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी थोडी घटली. १९६० सालीसुद्धा तीन बेटांवर मिळून साडेआठ हजार माणसं होती.

मागे राहिल्या त्या बायका. इथे सिल्व्हर थॅच नावाचं एक बारीक बुंध्याचं ताडासारखं झाड आहे, पानांची खालची बाजू चंदेरी. जगात ते फक्त केमनमध्येच उगवतं आणि आज इथलं राष्ट्रीय झाड आहे. त्याची कोवळी पानं वाळवून, चिरून, बायका दोर वळत. हा दोर खाऱ्या पाण्यात कुजत नसे, म्हणून जमैकातल्या कोळ्यांना आणि साखर कारखान्यांना तो हवा असे. दोराच्या गुंडाळ्या दुकानात द्यायच्या आणि बदल्यात पीठ, साखर, रॉकेल, कापड आणायचं. घर त्यावर चालायचं, नवऱ्याचा पैसा येईल तेव्हा येईल. १९६० च्या दशकात नायलॉनचे दोर आले आणि हा धंदा बसला. माझी आजी वेंगुर्ल्यात काथ्याचा सुंभ वळायची, आजोबा मुंबईला गिरणीत, महिन्याला मनिऑर्डर. गन बेमधल्या एका नव्वदीच्या आजींना मी ड्रेसिंग करायला जात असे. त्यांनी एकदा दोर कसा वळायचा ते हवेत बोटं फिरवून दाखवलं, आणि मला क्षणभर आमचं मागीलदारच दिसलं. पैसा दुरून येणार, माणूस वर्षा-दोन वर्षांनी येणार, आणि गाव बायका चालवणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हे तुम्ही ओळखून आलात ना, की मग हे गाव परकं वाटत नाही. तुम्ही त्रिनिदादच्या आशेनं जी ओळख शोधत होता, ती मला इथे अशी सापडली.

अंगणाचंही सांगते. नाताळच्या आधी इथले लोक किनाऱ्यावरची पांढरी वाळू टोपल्यांतून आणून अंगणात पसरत, आणि झाडूनं तिच्यावर नक्षी ओढत. चांदण्या रात्री सगळी आळी मिळून वाळू वाहायची. आपण दिवाळीला अंगण सारवून रांगोळी काढतो, तसंच. काही घरांत अजूनही हे करतात.

ईस्ट एंड सगळ्यात मागे राहिलं ते अंतरामुळे. बेटाच्या मध्यभागी खारफुटीचं प्रचंड दलदलीचं जंगल आहे, आडवं जाताच येत नाही. रस्ता दक्षिण किनाऱ्यानं. तो धड नव्हता तेव्हा लोक होडीनं नाहीतर पायी जात. ईस्ट एंडहून उत्तरेला वळसा घालून जाणारा क्वीन्स हायवे तर राणीच्या हस्ते १९८३ साली खुला झाला. आणि डास! बॉडन टाउनला १९७४ साली एका रात्रीत एका सापळ्यात जवळजवळ आठ लाख डास सापडल्याची नोंद आहे. गुरं नाकातोंडात डास जाऊन गुदमरून मरत. माणसं हातात धुराचं मडकं धरून बाहेर पडत. १९६५ साली डॉ. मार्को जिग्लिओली यांच्या हाताखाली डासनिर्मूलनाचं खातं सुरू झालं, दलदलीत चर खणले, विमानातून फवारणी झाली. बँकिंगचे कायदे १९६६ चे, आणि सगळे केमनच्या श्रीमंतीचं श्रेय त्यांना देतात. माझं मत, डास हटले नसते तर एकही बँकवाला इथे रात्रभर टिकला नसता.

१९६२ साली जमैका स्वतंत्र झालं आणि केमननं ब्रिटनबरोबर राहायचं ठरवलं. त्यानंतर आकडे उलटे धावायला लागले. १९७० ला दहा हजारांच्या आसपास, १९८९ ला पंचवीस हजार, २०१० ला पंचावन्न हजार, आणि आता ऐंशी हजारांच्या वर. माणसं पाठवणारं बेट माणसं बोलावणारं झालं. आज इथे राहणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मूळचे इथले नाहीत. जमैकाचे आणि फिलिपिन्सचे सर्वांत जास्त. पण ही वाढ सगळी पश्चिमेला. तिथे जागा महाग झाल्यावर ती बॉडन टाउनकडे सरकली, आणि तिथली वस्ती २०१० च्या साडेदहा हजारांवरून २०२१ ला पंधरा हजारांच्या जवळ गेली. ईस्ट एंड त्याच काळात चौदाशेवरून साडेअठराशेवर. हे वाढलेले चार-साडेचारशे लोक आकड्यात किरकोळ वाटतात, पण चौदाशेच्या गावात ते प्रत्येक वळणावर दिसतात. डॉ. देवी शेट्टींच्या नारायणा हेल्थनं उभं केलेलं हेल्थ सिटी हे हॉस्पिटल २०१४ साली हाय रॉकच्या बाजूला सुरू झालं, आणि पाठोपाठ बंगळूर, केरळ, महाराष्ट्र इथून आपली माणसं आली. तेव्हा तुम्ही इथे फक्त नोकरीला येत नाही, गावाच्या पटात तुमचं नाव चढणार आहे. मैफल जमवून रात्री उशिरापर्यंत मोठ्यानं गाणी लावणं, रविवारी सकाळी चर्चच्या वेळी गाड्या धुणं, असलं काही करू नका. लोक प्रेमळ आहेत, पण आपलं गाव हातातून जाईल की काय ही धास्ती त्यांच्या पोटात आहे, आणि ती खोटी नाही.

आता तुमच्या संसाराचं. सगळ्यात आधी पत्रात बघा की ड्यूटी कुठल्या कॅम्पसला आहे. हेल्थ सिटीचं दुसरं हॉस्पिटल कमाना बेला, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाकडे आहे. ईस्ट एंडलाच असेल तर घरही इकडेच बघा. मी पहिलं वर्ष जॉर्ज टाउनला राहिले, शहर बरं पडेल असं वाटून, आणि ती चूक होती. भाडं जास्त, वर रोजचा लांब प्रवास. सकाळची गर्दी पूर्वेकडून शहराकडे असते, त्यामुळे जाताना रस्ता मोकळा मिळतो हे खरं, पण रात्रपाळीनंतर तेवढं अंतर गाडी चालवणं नको वाटतं. गाडी लागेलच. बस आहेत, छोट्या व्हॅनसारख्या, पण रात्री आणि रविवारी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. गाडी डाव्या बाजूनं चालवतात, ते आपल्यासारखंच.

ईस्ट एंडमध्ये दुकानं छोटी. आठवड्याचा बाजार बॉडन टाउनकडच्या सवानाला किंवा शहरात. डाळ, तांदूळ, मसाले मिळतात, नाचणी-कुळीथ शोधावे लागतात. पण शेजाऱ्यांच्या परसात काय असतं ते ऐका: आंबा, चिंच, नारळ, सीताफळ, हनुमानफळ, आणि चिकू. चिकूला इथे नेझबेरी म्हणतात, आणि ते मूळचं याच मुलखातलं. आपल्याकडे ते उशिरा आलं. नीरफणस तर घरोघर. मी शेजारणीला त्याची तांदळाच्या पिठात घोळवून कापं करून दिली, त्यानंतर तिच्या झाडाचा पहिला नीरफणस दर वर्षी आमच्याकडे येतो.

मुलीच्या शाळेचा प्रश्न सगळ्यात अवघड. परदेशी कर्मचाऱ्यांच्या मुलांना सहसा खासगी शाळेतच घालावं लागतं, त्या बहुतेक जॉर्ज टाउनच्या बाजूला, फी मोठी, आणि जागा आधी धराव्या लागतात. रोजचं सत्तर किलोमीटर येणं-जाणं सहा वर्षांच्या पोरीला झेपेल का, आणि तुमची पाळी असताना सोडणार-आणणार कोण, हे आत्ताच ठरवा. यजमानांना आणि मुलीला तुमच्या परमिटवर आणायचं तर तुमचा पगार ठरावीक रकमेच्या वर असावा लागतो, आणि त्या परमिटवर यजमानांना नोकरी करता येत नाही, त्यांचं स्वतंत्र परमिट लागतं. तेव्हा एका पगारात भाडं, गाडी आणि फी बसते का ते कागदावर मांडून बघा. पगार डॉलरमध्ये आहे म्हणजे कुठला डॉलर हेही विचारा. केमनचा एक डॉलर म्हणजे अमेरिकेचा सव्वाच्या जरा खाली, ठरलेला दर.

वादळांची भीती घालत नाही, पण लपवतही नाही. जून ते नोव्हेंबर हंगाम. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन आलं तेव्हा समुद्र बेटावर चढला आणि बहुतेक घरांचं नुकसान झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये ग्रेस आलं तेव्हा मी इथेच होते. खिडक्यांना फळ्या, पाण्याचे ड्रम, टॉर्च, कोरडं खाणं, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, हे दर मे महिन्यात करून ठेवते. घर भाड्यानं घेताना जमिनीची उंची आणि रस्त्याची कुठली बाजू ते बघा. समुद्राकडचं घर सुंदर दिसतं, मी मात्र जंगलाकडच्या बाजूला, चार पावलं चढावर राहते. शिवाय काही वर्षं उन्हाळ्यात सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन कुजतं, नासक्या अंड्याचा वास येतो आणि घरातली चांदी-पितळ काळी पडते. मंगळसूत्राची चिंता नको, सोनं काळं पडत नाही, पण देवाची चांदीची भांडी डब्यात घट्ट बंद करून ठेवा.

मुलीला आवडेल असंही आहे. कॉलियर्सच्या रानात निळे इग्वाना सोडलेत, दिसायला आपल्या घोरपडीचे भाऊबंद, पण पाला खाणारे. २००२ च्या सुमारास रानात पंचवीससुद्धा उरले नव्हते. पैदास करून सोडत सोडत २०१८ पर्यंत हजारावर सोडून झाले. पावसाच्या सुरुवातीला जमिनीवरचे खेकडे रात्री रस्ता ओलांडून समुद्राकडे निघतात, तेव्हा गाडी सावकाश चालवायची.

यायचंच ठरलं तर जानेवारी ते एप्रिलमध्ये या, हवा कोरडी आणि घर शोधायला सवड. मायामीमार्गे येणार असाल तर अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे विमान बहामातल्या नॅसॉला थांबून येतं, त्यात तो लागत नाही, पण ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाची चौकशी आधी करा. आमची घड्याळं तुमच्या साडेदहा तास मागे, म्हणजे कोल्हापूरला आईचा संध्याकाळचा दिवा लागतो तेव्हा इथे सकाळचे आठ-साडेआठ झालेले असतात. फोनला ती वेळ बरी पडते.

पत्रात कॅम्पस कुठला लिहिलाय आणि शाळेत पुढच्या वर्षी जागा आहे का, ही दोन उत्तरं या आठवड्यात मिळवा आणि मला कळवा. आमच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं एक घर उन्हाळ्यात रिकामं होतंय, घरमालकीणबाईंशी तोवर मी बोलून ठेवते.